चोपन्न बिबटे मोजले कोणी?

प्रश्न : आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. २०१५ साली उद्यानात ३५ बिबटे होते, २०१८ मध्ये ४७ झाले आणि २०२४ च्या पाहणीत ५४ निघाले, असं वाचनात आलं. बिबट्या काही रेशनच्या रांगेत उभा राहत नाही. मग ५३ नाहीत, ५५ नाहीत, नेमके ५४ हे कसं ठरलं? माझा भाचा म्हणतो, सॉफ्टवेअर मोजतं. सॉफ्टवेअरला जंगलातलं काय कळतं?
— एक वाचक, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : भाचा अर्धा बरोबर आहे. सॉफ्टवेअर यात आहे, पण ५४ हा आकडा त्याने काढलेला नाही. तो माणसांनी फोटो बघूनच काढलेला आहे. सॉफ्टवेअरचं काम त्याच्या पुढे सुरू होतं आणि त्यातून निघणारा आकडा वेगळाच असतो. बातमीत मात्र बहुतेक वेळा पहिलाच आकडा येतो, कारण तो पूर्णांकात असतो आणि मथळ्यात बसतो.

आधी ५४ चं बघू. पायवाट, कच्चा रस्ता किंवा कोरडा नाला पाहून त्याच्या दोन्ही अंगांना झाडाच्या बुंध्याला एकेक कॅमेरा बांधतात. उंची साधारण गुडघ्याएवढी, म्हणजे चालत्या बिबट्याची कूस नेमकी चौकटीत येते. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेऱ्याला जाग येते आणि फोटो निघतो. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर लावत नाहीत, थोडे तिरके ठेवतात. नाहीतर एकाचा झगझगाट दुसऱ्याच्या भिंगात शिरून दोन्ही फोटो वाया जातात. दोन कॅमेरे लावायचं कारण असं की बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. प्रत्येक जनावराची नक्षी वेगळी आणि त्यातही प्रत्येक बाजू वेगळी. एकच कॅमेरा असेल तर आज डावीकडून गेलेला आणि उद्या उजवीकडून आलेला बिबट्या एकच की दोन, हे सांगायला काही मार्ग नाही.

मग कार्डं काढून आणायची आणि फोटो बघत बसायचं. या कामात रोमांच फार थोडा. बहुतेक फोटोंत बिबट्या नसतोच. चितळ असतात, सांबर असतात, रानडुकरं, वानरं आणि भटकी कुत्री असतात; सरपणाची मोळी घेऊन निघालेली पाड्यावरची बाई असते आणि वाऱ्याने हललेली फांदी तर असतेच असते. त्यातून बिबट्याचे फोटो निवडायचे, डावे एका बाजूला, उजवे दुसऱ्या बाजूला, आणि ठिपके जुळवत बसायचं. मांडीवर दोन ठिपके एकमेकांना चिकटून मराठी चारसारखे दिसतात का? खांद्याजवळ तुटकं वर्तुळ आहे का? अशा तीन-चार खुणा दोन फोटोंत जुळल्या तर जनावर एकच. नाही जुळल्या तर नवा क्रमांक. ज्या बिबट्याची एकच बाजू मिळाली, त्याची पंचाईत असते. फक्त डाव्या बाजूचे पाच आणि फक्त उजव्या बाजूचे चार बिबटे मिळाले तर नऊ म्हणता येत नाही, कारण ते चार त्या पाचांपैकीच असू शकतात. सांभाळून मोजणारा पाचच धरतो.

या क्रमांकांची यादी म्हणजे बिबट्यांची हजेरीवहीच. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस आरे वसाहतीत माणसांवर हल्ले झाले तेव्हा वर्तमानपत्रांत ‘सी-३२’, ‘सी-३३’ अशी नावं आली होती, ती याच वहीतली. वही नसती तर पिंजऱ्यात आलेलं जनावर हवं ते की भलतंच, हे ठरवायला काहीच आधार नसता. माझ्या मते अशा मोजणीचा सर्वांत रोकडा उपयोग हाच आहे. आकडा त्यामानाने दुय्यम.

तर ५४ म्हणजे पाहणीच्या काळात उद्यानात आणि लगतच्या जंगलात ज्यांचा ओळखता येईल असा फोटो निघाला, असे वेगवेगळे ५४ बिबटे. कमीत कमी इतके. आईच्या मागे फिरणारी लहान पिल्लं सहसा यात धरत नाहीत. २०१८ च्या अहवालातही ४७ पासून आठ पिल्लं वेगळी दाखवली होती. आता खरा प्रश्न उरतो : जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत, ते किती? इथे भाच्याचं सॉफ्टवेअर येतं.

बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून पहाटे उद्यानात फिरायला जाणाऱ्या मंडळींचं उदाहरण घ्या. एकूण माणसं किती हे तुम्हाला शोधायचं आहे, पण सगळ्यांना एकत्र उभं करता येत नाही. एका सकाळी तुम्ही वाटेवर बसता आणि २०० जणांचे चेहरे लक्षात ठेवता. दुसऱ्या सकाळी १८० जण दिसतात, त्यातले १२० कालचेच. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या माणसांत दोन-तृतीयांश तुमच्या ओळखीचे. मग पहिल्या दिवशी पाहिलेले २०० हेही एकूण माणसांच्या दोन-तृतीयांश असणार. एकूण ३००. तुम्ही प्रत्यक्षात २६० जण पाहिले. उरलेले ४० न बघता कळले.

सगळी विद्या या एका त्रैराशिकावर उभी आहे. फ्रान्सची लोकसंख्या काढायला लाप्लास या गणितज्ञाने १८०२ मध्ये असाच गुणोत्तराचा हिशेब मांडला. डेन्मार्कच्या पीटरसनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांना खुणा करून समुद्रात सोडलं. अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये बदकांच्या पायांतल्या कड्या आणि शिकाऱ्यांनी परत पाठवलेल्या कड्या यांवरून बदकांची संख्या काढली. मासे आणि बदकं पकडून खूण करावी लागते. वाघ-बिबट्यांच्या अंगावर ती जन्मतःच असते, हे ओळखून कॅमेऱ्याची जोड या पद्धतीला दिली ती उल्हास कारंथ यांनी, कर्नाटकातल्या नागरहोळेच्या वाघांवर. त्यांचा तो निबंध १९९५ चा. आज जगभर ठिपकेवाल्या आणि पट्टेवाल्या जनावरांची मोजणी याच वाटेने होते.

मात्र त्रैराशिक सरळ असलं तरी फिरायला येणारी माणसं सरळ नसतात. काही फक्त रविवारी येतात. काही दुसऱ्याच वाटेने आत शिरतात आणि तुम्हाला कधीच दिसत नाहीत. एखाद्याला तुम्ही टक लावून बघता हे खटकतं आणि दुसऱ्या दिवशी तो वाट बदलतो. बिबट्यांचंही असंच. मोठा नर रात्रीत लांबवर फिरतो, त्यामुळे चार-चार कॅमेऱ्यांत येतो. पिल्लं असलेली मादी एका कोपऱ्यात राहते. फ्लॅशला बिचकलेलं जनावर त्या वाटेला परत फिरकत नाही. या प्रत्येक स्वभावासाठी गणितात वेगळी तरतूद करावी लागते आणि ती हाताने करणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून १९७८ च्या सुमारास अमेरिकेत ‘कॅप्चर’ नावाचा प्रोग्रॅम आला. कोणता बिबट्या कोणत्या रात्री दिसला, याची एक आणि शून्याची जंत्री त्याला द्यायची. दिसला तर १, नाही तर ०. आपल्याकडच्या एखाद्या बिबट्याची ओळ ०१००११० अशी काहीतरी असते. अशा सगळ्या ओळी वाचून, कोणत्या स्वभावाचं गणित या जंत्रीला सर्वांत चांगलं बसतं ते प्रोग्रॅम सांगतो आणि न दिसलेल्यांचा अंदाज देतो. जंगलातलं त्याला काही कळत नाही. त्याला कळतात फक्त या ओळी. ओळ भरताना दोन बिबट्यांची गल्लत झाली तर उत्तरही तितकंच गल्लतीचं येणार, आणि तेही दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांसह.

यानंतरची अडचण खास आपल्या मुंबईची आहे. उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. २०१८ चे ४७ बिबटे घ्या आणि १०४ ने भागा. दर १०० चौरस किलोमीटरला ४५ येतात. अहवालात मात्र दर १०० चौरस किलोमीटरला २६.३४ अशी घनता दिली आहे. जवळजवळ निम्मी! चूक कुणाची? भागाकार करणाऱ्याची. कॅमेरे उद्यानाच्या नकाशावरच्या रेघेत थांबलेले नव्हते, आणि बिबट्यांना तर ती रेघ ठाऊकच नाही. जो नर येऊरच्या बाजूला कॅमेऱ्यात आला, तो काही रात्री ठाण्याच्या वस्तीच्या कडेला असतो. आरेत फोटो निघालेली मादी कधी आत, कधी बाहेर. जनावर मोजलं पूर्ण आणि जमीन मोजली अर्धी, तर घनता फुगणारच.

पूर्वी यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यांच्या भोवती अंदाजाने एक पट्टा आखायचे आणि तेवढी जमीन हिशेबात वाढवायचे. पट्टा किती रुंद, यावर विद्वानांची भांडणं होत. न्यूझीलंडच्या मरे एफोर्ड यांनी २००४ मध्ये ही भांडणं बरीचशी मिटवली. ते पोसम या उपद्रवी प्राण्यावर काम करत होते. त्यांनी म्हटलं, प्रत्येक जनावराचं एक ठाण धरा, त्याच्या वावराचा मध्यबिंदू. तो आपल्याला ठाऊक नाही, पण एवढं ठाऊक आहे की ठाणापासून कॅमेरा जितका लांब, तितका त्यात ते जनावर येण्याचा संभव कमी. एकच बिबट्या कोणकोणत्या कॅमेऱ्यांत, किती अंतरावर आला, यावरून हा संभव किती झपाट्याने घटतो ते काढता येतं. मग बिबटे किती असं न विचारता जमिनीवर ठाणं किती दाटीने पसरली आहेत असं विचारायचं. पट्टा आखायची गरजच उरत नाही. एफोर्ड यांचं ‘एसईसीआर’ हे सॉफ्टवेअर याच विचारावर चालतं. त्याच जातीचं ‘स्पेसकॅप’ २०१२ मध्ये आलं. ते अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि त्यांच्या बेंगळुरूच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांबरोबर बनवलं. वाघांसाठी बनवलेलं हे हत्यार बिबट्यांना तितकंच लागू पडतं.

आता २६.३४ च्या शेजारचा आकडा बघा. अहवालात त्याच्यापुढे ± ४.९६ असं छापलेलं आहे. बातमीत ही शेपूट कापली जाते, आणि माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. संख्याशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्याची साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरली, तर खरी घनता १७ ते ३६ यांच्या मध्ये कुठेही असू शकते. २०१५ च्या पाहणीतली घनता सुमारे २२ होती. ती या पट्ट्यात आरामात बसते. म्हणजे २२ ची २६ झाली म्हणून बिबटे वाढले, असं छातीठोक म्हणता येत नाही. तेवढेच असतील, थोडे वाढले असतील, एखादवेळी घटलेही असतील.

३५, ४७, ५४ या चढत्या आकड्यांबद्दल तर आणखी सावध राहावं. कमीत कमी किती, हा आकडा तुम्ही किती कॅमेरे, किती रात्री, कुठपर्यंत लावले यावर हलतो. जास्त कॅमेरे, जास्त बिबटे. ‘मुंबईत बिबट्यांची संख्या वाढली’ असा मथळा वाचून तुमच्या सोसायटीच्या सभेत कुंपणाचा ठराव येण्याआधी एवढं तरी विचारा, की तिन्ही वेळा जाळं सारखंच टाकलं होतं का?

घनता जास्त आहे यात मात्र शंका नाही. तुलनेला अकोले तालुका घ्या. तिथल्या उसात आणि वस्तीत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने मोजणी केली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ बिबटे निघाले, आणि जवळपास तितकेच तरस. जंगलाचा मागमूस नसलेल्या मुलखात तेही थोडे नव्हते. आपल्याकडे त्याच्या पाचपट. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एकाच्या मधोमध ही संख्या आहे, हे वाचून परदेशातले लोक दचकतात. मुलुंडच्या, ठाण्याच्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

एक शेवटची गोष्ट, कारण तुम्ही दिलेले आकडे वाढत गेलेले आहेत. आतापर्यंतचा सगळा हिशेब एक गृहीत धरून चालतो, की पाहणीच्या दोन-तीन महिन्यांत कोणी जन्मलं नाही, मेलं नाही, आलं नाही, गेलं नाही. म्हणून पाहणी आटोपशीर काळात उरकतात. लांबच्या काळात हे खोटं ठरतं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या उद्यानात येऊन दाखल झाला. ‘आजोबा’ म्हणून तो प्रसिद्ध झाला, त्याच्यावर सिनेमाही निघाला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत तो गेला. हिशेबाच्या भाषेत हे एक आगमन आणि एक मृत्यू. अशी आवक-जावक मोजायला वेगळं गणित लागतं. ते १९६४-६५ मध्ये कॉरमॅक, जॉली आणि सीबर या तिघांनी वेगवेगळं मांडलं आणि कोलोरॅडोच्या गॅरी व्हाइट यांच्या ‘मार्क’ या सॉफ्टवेअरमध्ये ते वापरायला मिळतं. यंदाचा सी-अमुक पुढच्या वर्षी दिसला का, त्याच्या पुढच्या वर्षी दिसला का, असा वर्षानुवर्षांचा धागा मिळाला की एका बिबट्याच्या वर्षभर जगण्याची शक्यता किती, हे निघतं. माद्या वर्षागणिक किती टिकतात ही एक संख्या मला चोपन्नपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण उद्यानाचं पुढे काय होणार ते तिच्यात दिसतं. पण त्यासाठी दरवर्षी, त्याच जागी, तेच कॅमेरे लावण्याचं कंटाळवाणं काम लागतं, आणि अशा कामाला पैसा मिळवणं बिबट्या शोधण्यापेक्षा अवघड.

प्रश्न : आमच्या लहानपणी पायाच्या ठशांवरून वाघ मोजायचे आणि बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून जनावरं मोजायचे. ते सगळं चुकीचं होतं का?
— एक ज्येष्ठ वाचक, घाटकोपर

उत्तर : ठशांची पद्धत ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी साठच्या दशकात बसवली. काचेवर ठसा गिरवायचा आणि ठशाठशांतला फरक पाहून वाघ वेगळे करायचे. जाणता माणूस ठशावरून बरंच सांगतो, यात वाद नाही. पण एकाच पायाचा ठसा चिखलात एक आणि धुळीत दुसरा उमटतो, आणि आपल्या सह्याद्रीच्या कातळावर व पाचोळ्यात तर उमटतच नाही. शिवाय या पद्धतीत ‘आम्हाला किती दिसले नाहीत’ हा रकानाच नव्हता. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर पंधरा-सोळा वाघ नांदत होते. २००५ मध्ये तिथे एकही नाही असं निष्पन्न झालं. त्यानंतर देशभरातली व्याघ्रगणना कॅमेऱ्यांकडे आणि संख्याशास्त्राकडे वळली.

पाणवठ्यावरची बुद्धपौर्णिमेची रात्र वेगळी. वैशाखात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं, चांदणं लख्ख असतं आणि जनावरं पाण्यावर येतात. तेच सांबर दोन पाणवठ्यांवर गेलं तर दोनदा मोजलं जातं आणि जे आलंच नाही ते सुटतं. त्यामुळे संख्या म्हणून तिचा उपयोग बेताचा. पण शहरातल्या माणसाला एक रात्र गप्प बसायला लावणारा उपक्रम म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. वनखात्यानेही आता अनेक ठिकाणी तिला निसर्गानुभव असंच रूप दिलं आहे.

प्रश्न : बिबट्याला ठिपके आहेत म्हणून ओळखता येतो. मग चितळांनाही ठिपके असतात. उद्यानातली चितळं, सांबरं कशी मोजतात?
— एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : चितळाचे ठिपकेही जनावरागणिक वेगळे असतात. पण कळपातल्या चाळीस चितळांचे ठिपके जुळवत बसायला कोणाकडे वेळ नाही, आणि सांबराला तर ठिपकेच नाहीत. तिथे वेगळी युक्ती वापरतात. जंगलात सरळ रेघेची वाट आखायची आणि सकाळी लवकर त्या वाटेने हळू चालायचं. जनावर दिसलं की ते किती, आणि वाटेपासून किती अंतरावर, हे अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीने आणि होकायंत्राने टिपायचं. वाटेच्या कडेला असलेलं चितळ दिसतंच. तीस मीटरवर झाडीत काही सुटतात, साठ मीटरवर बरीच. दिसण्याचं प्रमाण अंतराबरोबर कसं उतरतं, याचा आलेख काढला की सुटलेल्यांचा अंदाज येतो. यासाठी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या मंडळींचं ‘डिस्टन्स’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. एकच पथ्य महत्त्वाचं. चितळाने तुम्हाला पाहून पळण्याआधी तुम्ही ते पाहिलेलं असलं पाहिजे. म्हणून दोघंच जातात आणि बोलत नाहीत.

जाता जाता, मोजलेला एक आकडा पुढे किती ठिकाणी जातो पाहा. २०१८ मध्ये काही संशोधकांनी उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्री चावण्याचे प्रकार कमी होतात, असा हिशेब प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी २०१५ चे ३५ बिबटे होते. म्हणजे एका बिबट्यामागे महिन्याला साडेतीन कुत्री. पायाचा आकडा बदलला की वरचा सगळा मजला हलतो.

प्रश्न : मी अंधेरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ही सॉफ्टवेअरं महाग असतात का? आणि आता एआय आलं आहे, तर हे सगळं आपोआप होणार नाही का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : एकही पैसा लागत नाही. मार्क, डिस्टन्स, स्पेसकॅप, एसईसीआर ही सगळी फुकट उतरवून घेता येतात. बहुतेक ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत चालतात, आणि तीही फुकट. हा व्यवसायच असा आहे की ज्याला गरज पडली त्याने हत्यार बनवलं आणि इतरांना दिलं. ‘प्रेझेन्स’ नावाचं आणखी एक आहे, जनावर किती हे न विचारता ते या भागात आहे की नाही एवढंच विचारणारं. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक त्याच्याइतका चांगला दुसरं कोणी शिकवत नाही. सुरुवात तिथून केलीत तरी चालेल. आधी आकडेमोड कागदावर करून बघा, मग कळफलकाला हात लावा. उलट क्रमाने गेलेली मुलं उत्तर काढतात, पण ते वेडगळ आहे हे त्यांना ओळखता येत नाही.

एआयबद्दल. फोटो चाळण्याचं काम ते आता खरोखर उत्तम करतं. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले. एवढे माणसांनी बघायचे म्हटले तर पुढची गणना येऊन ठेपली असती. जात ओळखून फोटो वेगळे करण्याचं काम तेव्हाच संगणकावर सोपवलं गेलं होतं. वाघाचे पट्टे जुळवणारं सॉफ्टवेअर तर त्याहून जुनं. ते वाघाच्या अंगाचा त्रिमिती साचा धरून त्यावर फोटो ताणून बसवतं, म्हणजे वाकडा चालणारा वाघही सरळ दिसतो. पण ते देतं ते संभाव्य जोड्यांची यादी. अखेरचा होकार किंवा नकार माणूसच देतो, आणि रात्रीच्या धूसर फोटोत दोन माणसांचंही एकमत होत नाही.

आणि कितीही एआय आलं तरी कॅमेरा कुठे लावायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला. ती मोजणी मुख्यतः वाघ असलेल्या राज्यांतल्या जंगलांत झाली. जुन्नर-संगमनेरच्या उसात जन्मून उसातच म्हातारा होणारा बिबट्या त्यात नीट उतरलेला नाही. जिथे कॅमेराच नाही तिथलं उत्तर कोणतंही सॉफ्टवेअर देत नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सीसीटीव्हीत पहाटे बिबट्या दिसला. हा व्हिडिओ मोजणीत धरला जातो का?
— एक सेक्रेटरी, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : नाही. मोजणीत कॅमेरा कुठे, किती रात्री चालू होता आणि त्यात काही आलं नाही त्या रात्री किती, हे सगळं लागतं. तुमचा कॅमेरा गाड्यांवर नजर ठेवायला लावलेला, उंचावर, धूसर. त्यात ठिपके दिसत नाहीत. शिवाय एकच व्हिडिओ गोरेगाव, मुलुंड आणि ठाण्याचा म्हणून एकाच दिवसात तीन गटांवर फिरतो आणि एका बिबट्याचे तीन होतात.

तरीही तो वनखात्याला जरूर कळवा. १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. बिबटे कोणत्या बाजूने बाहेर येतात, कुठल्या कचराकुंडीपाशी कुत्री जमतात, हे अशाच माहितीतून कळतं. मूळ व्हिडिओ द्या, मोबाइलवर पडद्याचं चित्रण करून नको. आणि पाठवण्यापूर्वी सीसीटीव्हीवरची तारीख-वेळ खरी आहे ना, ते तपासा. बऱ्याच इमारतींत वीज गेल्यावर ती मागे पडते आणि पुढे कोणी लावत नाही.